जमिनीला कान लावणाऱ्या द्वारकामावशी

"माझं नाव द्वारका. पण घाबरू नका, मी तुम्हाला तासभर अडकवून ठेवणार नाय."

दर शनिवारी रात्री साडेआठला दहीपुलाच्या तोंडाशी उभं राहून द्वारकामावशी हे वाक्य म्हणायच्या. नाशिककर हसायचे आणि बाहेरगावचे पाहुणे त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. मग कुणीतरी पाहुण्यांना द्वारका चौकातल्या ट्रॅफिकची कहाणी सांगायचं, त्या निमित्ताने ओळखी व्हायच्या, आणि भुतं बघायला आलेल्या मंडळींची पहिली धडधड तिथेच ओसरायची. मावशींना तेच हवं असायचं. "घाबरल्यालं माणूस ऐकत नाय," त्या म्हणायच्या, "आणि माझं सगळं काम ऐकायचंच हाय."

अंगाने मूठभर बाई. गोल साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट आणि खांद्यावर पाच फुटी लोखंडी सळई. सळई त्यांच्याहून उंच दिसायची. माहेर कळवणकडचं, सासर जुन्या नाशकातलं. बोलणं मात्र शेवटपर्यंत माहेरचंच राहिलं. नवरा पाणीपुरवठ्यात चावीवाला होता, म्हणजे पहाटे गल्लोगल्ली जाऊन नळाचे वॉल्व्ह उघडणारा. तो अचानक गेला आणि त्याच्या जागी मावशींना घेतलं. एका पोराला घरी झोपवून ही बाई पहाटे चारला एकटी जुन्या नाशकाच्या बोळांतून फिरायला लागली आणि सव्वीस वर्षं फिरली. कुठल्या दगडाखालून कुठली नळी जाते, कुठे वळते, कुठे गळते, हे त्यांना आपल्या घरातल्या डब्यांसारखं पाठ होतं.

माझं रविवार कारंजावर औषधांचं दुकान आहे. मावशी गुडघ्याचं तेल घ्यायला यायच्या, तेवढीच ओळख. एकदा माझे पुण्याचे मेव्हणे दुकानात बसले होते आणि नेहमीप्रमाणे विचारत होते, "मंदिरं झाली, घाट झाला. आता नाशकात बघण्यासारखं आणखी काय आहे हो?" मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात काउंटरपलीकडून मावशी म्हणाल्या, "रातच्याला या. खालचं नाशिक दाखवते."

त्या रात्री आम्ही पाचजण त्यांच्या मागे दोन तास हिंडलो. येताना मेव्हणे पुन्हा कधी यायचं ते ठरवत होते. पुढच्या वेळी ते आठ माणसं घेऊन आले. मग त्या आठांनी आणखी कुणाला सांगितलं, आणि शनिवारची फेरी ठरून गेली. मावशी पुढे चालायच्या. मी सगळ्यांच्या शेवटी, कुणी मागे राहत नाही ना हे बघत. माझ्याकडे हे काम कसं आलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्या एकदा म्हणाल्या, "औषधवाले, तुम्ही मागं राहा," आणि मी राहिलो.

त्यांचे नियम मोजके होते. मोबाइलची बत्ती लावायची नाही. फटफट वाजणाऱ्या चपला घालायच्या नाहीत. ज्याला भीती वाटेल त्याने शेजारच्याचा हात धरायचा, मग तो ओळखीचा असो वा नसो. आणि भुतांसाठीही एक नियम होता. "भूत म्हणलं की त्याला नाव पाहिजे, गाव पाहिजे, काम पाहिजे. नुसतं 'सावली दिसली' म्हणाल तर मी सांगणार नाय."

त्यामुळे त्यांची भुतं सगळी कामकरी होती. तांबट आळीच्या कोपऱ्यावर नारायण तांबट होता, ज्याचा हंडा अर्धा राहिला म्हणून तो अमावास्येला ठोके मारतो. घाटाच्या वरच्या अंगाला गणपत न्हावी होता, तो रात्री उशिरा येणाऱ्या माणसाला "दाढी वाढली राव तुमची" असं म्हणतो. मावशी हे इतक्या आपुलकीने सांगायच्या की माणसं नकळत आपली हनुवटी चाचपायची.

भुयारांच्या बाबतीत मात्र त्या फार कडक होत्या. प्रत्येक नाशिककराला एक तरी भुयार माहीत असतं आणि ते हमखास रामशेज किल्ल्यावर निघतं. फेरीत कुणी ना कुणी तो विषय काढायचंच. मावशी शांतपणे म्हणायच्या, "रामशेजला जायला बस हाय. भुयारातून कशाला जाता?"

एकदा एक तरुण कॅमेरा आणि टूं टूं वाजणारं कसलंसं यंत्र घेऊन आला. त्याला आपल्या चॅनलसाठी भूत हवं होतं. एका अंधाऱ्या बोळात त्याचं यंत्र जोरात वाजायला लागलं. तो दबक्या आवाजात म्हणाला, "मावशी, इथे निगेटिव्ह एनर्जी आहे का?"

"इथं गटाराचं झाकण हाय," मावशी म्हणाल्या. "पाय जपून टाक."

सगळ्यात जास्त मागणी असायची ती लोखंडी बाईच्या गोष्टीला. पूर्वी या गल्ल्यांत पहाटे एक बाई यायची. डोक्यापासून पांढरी, चेहरा नाही, आणि चालताना फरशीवर लोखंड ओढल्याचा आवाज. एका दूधवाल्याने तिला पाहिलं आणि तो कॅन तिथेच टाकून पळाला. दुधाने सगळी गल्ली पांढरी झाली. मग लोकांनी तिच्या वाटेवर उतारे ठेवायला सुरुवात केली. दहीभात, लिंबू, नारळ. महिनाभर रोज. आणि चमत्कार असा की रोज सकाळी ते सगळं नाहीसं झालेलं असायचं.

इथे मावशी थांबायच्या. कुणीतरी न राहवून विचारायचं, "मग?"

"मग काय! थंडी लय व्हती म्हणून मी नवऱ्याचं पांढरं धोतर डोक्यावरून घेतलं व्हतं. वॉल्व्हची लांब लोखंडी चावी खांद्यावर पेलत नव्हती म्हणून ओढत न्यायची. दहीभात कुत्री खायची आणि नारळ मी घरी न्यायची. त्या साली आमच्याकडं खोबऱ्याची चटणी कधी संपली नाय."

हशा ओसरला की त्या एका ठरावीक जागी सळईचं एक टोक दगडावर टेकवायच्या आणि दुसरं टोक एकेकाच्या कानाशी धरायच्या. गळती शोधायची ही जुनी पद्धत. रात्री गाव शांत झालं की सळईतून खालचं पाणी ऐकू येतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुणीतरी लांबवर पलीकडच्या खोलीत भांडी आवरतंय असं वाटलं. मावशी शेजारून सांगायच्या, "ही चालती नळी. आता इकडं टेका. ही मेलेली, तिच्यात काय नाय." माणसं रांगेत उभी राहून जमिनीचा आवाज ऐकायची. आलेली सगळी माणसं एकदम गप्प होतात, असं मी दुसरीकडे कुठे फारसं पाहिलेलं नाही.

आता मी त्या रडणाऱ्या घराकडे येतो, कारण मावशी खऱ्या अर्थाने कळल्या त्या तिथे.

दहीपुलाच्या मागच्या बाजूला नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीच्या टोकाला एक दुमजली घर होतं. त्या घरातून काही काही दिवशी बाईच्या रडण्याचा आवाज यायचा, हे गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मावशी ती गोष्ट अशी सांगायच्या: यशोदा नावाची सून होती, सासरच्या जाचाने तिने रात्री आडात उडी घेतली, पुढे आड बुजवला, पण रडणं बुजलं नाही. नाव होतं, गाव होतं, काम होतं. फेरीतली ही सगळ्यांना हादरवणारी गोष्ट.

एका शनिवारी गोष्ट ऐन रंगात आलेली असताना त्या घराचं दार उघडलं. तिशीतली एक बाई उंबऱ्यात उभी होती.

"मावशी, माझं नाव वैशाली. मी या घरात राहते."

तीस-बत्तीस माणसं तिच्याकडे वळली.

"यशोदा माझ्या मिस्टरांच्या पणजीची जाऊ. तिने उडीबिडी काही घेतली नव्हती. म्हातारपणी वणीला लेकीकडे गेली आणि तिथे नातवंडांच्या घोळक्यात वारली. आमच्याकडे तिचा फोटो आहे, दाखवू का?"

मावशींनी सळई खांद्यावरून खाली घेतली.

"मी पुढच्या खोलीत मुलांची शिकवणी घेते. घेत होते. सतरा मुलं होती, आता तीन उरली. पालक म्हणतात, बाई, तुम्ही चांगल्या शिकवता, पण त्या घरात नको. आवाज पूर्वीही यायचा, तेव्हा कुणी एवढं मनावर घेत नव्हतं. दर शनिवारी तुम्ही दारात माणसं आणून उभी करता ना, तेव्हापासून हे सुरू झालं."

तिने आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं, असं मला मागे उभ्या उभ्या वाटलं. मावशींनी दोन्ही हात जोडले. "पोरी, चुकलं," एवढंच म्हणाल्या आणि चालू लागल्या. त्या रात्री आम्हाला त्यांनी सळई ऐकवली नाही. घरी जाताना मला म्हणाल्या, "औषधवाले, नाव, गाव, काम विचारलं मी. घरच्यांना विचारायचं राहिलं."

पुढच्या शनिवारी मला वाटलं, ती गल्ली आता टाळतील. टाळली नाही. सगळ्या माणसांना घेऊन त्या थेट वैशालीच्या दारासमोर गेल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "या दारात उभं राहून मी दोन वर्षं खोटं बोलले. यशोदाबाई वणीला सुखानं गेल्या. ज्यांनी माझ्याकडनं ऐकलंय त्यांना सांगा, द्वारका चुकली." मग वरच्या खिडकीकडे बघून, "पोरी, ऐकलंस का?"

खिडकीत वैशाली उभी होती. ती खाली आली, तिने दार उघडलं आणि मावशींना आत बोलावलं. आम्ही बाहेर थांबलो. दहा मिनिटांनी मावशी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच गोंधळलेला पाहिला.

"ती म्हणती, यशोदा नाय रडत. पण रडतं. तिनंबी ऐकलंय."

दुसऱ्या दिवसापासून मावशींना दुसरं काही सुचेना. आधी त्यांनी नळ्या तपासल्या. त्या घराखालची जुनी नळी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. "मेलेली नळी रडत नाय," त्या म्हणाल्या. मग वारा, मग मांजरं, मग शेजारच्या गिरणीचा पट्टा, एकेक करून सगळं बाद झालं. आवाज यायचा तो मागच्या न्हाणीघराच्या कोपऱ्यातून, भिंतीच्या तळाशी मुठीएवढं भोक होतं तिथून. पण रोज नाही. कधी आठवडाभर सलग, कधी महिनाभर काहीच नाही.

श्रावणात एके दिवशी त्या दुकानात आल्या आणि दोन कॅलेंडरं मागून घेतली. औषध कंपन्यांची आमच्याकडे ढिगाने पडलेली असतात. एक त्यांनी वैशालीला दिलं. "रडलं की त्या तारखेवर 'र' काढायचा. मला सांगायचं नाय. मीबी तुला सांगणार नाय." दुसरं त्यांनी आपल्या भिंतीवर लावलं. त्या त्यावर काय काढतात हे मलाही सांगत नव्हत्या. फक्त रोज संध्याकाळी गंगेवर जाऊन येतात, एवढं मला दिसत होतं. गंगा म्हणजे आमची गोदावरी. नाशकात तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही.

नवरात्र लागायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला वैशालीच्या घरी बोलावलं. पुढच्या खोलीत फळा होता, सतरंजी होती, मुलं नव्हती. दोघींनी आपापली कॅलेंडरं सतरंजीवर शेजारी शेजारी पसरली.

वैशालीच्या कॅलेंडरवर 'र' होते. मावशींच्या कॅलेंडरवर 'म' होते.

"म म्हणजे?"

"मारुती. दुतोंड्या मारुतीच्या पावलांना पाणी लागलं की मी 'म' काढायची."

धरणातून पाणी सोडलं की गंगा चढते आणि पात्रातल्या दुतोंड्या मारुतीवरून सगळं नाशिक पुराचा अंदाज घेतं. पावलं, गुडघे, कंबर. मी खाली वाकून तारखा जुळवायला लागलो. श्रावण, भाद्रपद. जिथे 'म' होता तिथे 'र' होता. सगळीकडे. एकच तारीख अशी होती की तिथे 'म' होता आणि 'र' नव्हता.

"त्या दिवशी?" मावशींनी विचारलं.

वैशाली आठवत राहिली आणि मग तिने तोंडावर हात ठेवला. "त्या दिवशी मी घरी नव्हते! आम्ही सगळे वणीला गडावर गेलो होतो."

मावशी उठून उभ्या राहिल्या. गुडघे दुखणारी ही बाई सतरंजीवरून अशी उठलेली मी कधी पाहिली नव्हती. "गंगा चढली की तुझ्या न्हाणीत वारा रडतो. म्हणजे गंगेचं पाणी इथं खाली कुठंतरी येतं. पाणी आलं की आतली हवा जाणार कुठं? त्या भोकातून! पोरी, तुझ्या गल्लीखाली काहीतरी मोठं हाय. पोकळ हाय. आणि ते कुणी बघितलेलं नाय."

पण त्याच गल्लीत दसऱ्यानंतर काँक्रीटचा रस्ता होणार होता. दोन्ही बाजूला खडी येऊन पडली होती. कामावर साळवे नावाचे ठेकेदाराचे इंजिनिअर होते. सभ्य, तरुण, कायम घाईत असलेला माणूस. मावशी दोन्ही कॅलेंडरं घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा मी सोबत होतो.

"मावशी, माझ्याकडे सर्व्हे आहे," साळवे नकाशा उलगडून म्हणाले. "इथे खाली काही नाही."

"नकाशा काढला तो दिवसा का रात्री?"

"म्हणजे?"

"दिवसा या गल्लीत काय ऐकू येत नाय, साहेब. मी सव्वीस वर्षं रातच्याला ऐकलंय. आणि समजा खाली पोकळ असलं, वरून तुमची खडीची गाडी गेली, आणि गल्ली बसली तर? या घरात लेकरं शिकतात."

साळव्यांनी नकाशाची घडी घातली. "मला दोन कॅलेंडरं दाखवून खोदाईची परवानगी मिळणार नाही, मावशी. मला काहीतरी ठोस पाहिजे."

"मग शनिवारी या. ठोसच देते."

त्या साली परतीचा पाऊस लांबला होता आणि धरण काठोकाठ भरलेलं होतं. शनिवारी दुपारी नदीकाठच्या लोकांना इशारा दिला गेला आणि संध्याकाळी पाणी सोडलं. मी स्वतः घाटावर जाऊन आलो. मारुतीच्या पावलांना पाणी लागलं होतं.

रात्री फेरीला कधी नव्हे एवढी गर्दी. गल्लीतलेही सगळे उतरले होते. ज्यांनी आपली मुलं वैशालीकडून काढून घेतली होती, ते पालकही कडेला उभे होते. साळवे खिशात हात घालून आले, घड्याळ बघत. मावशींनी त्या रात्री एकही भूत सांगितलं नाही. सरळ वैशालीच्या घरी गेल्या आणि चार-चार माणसांना न्हाणीघरात सोडायला लागल्या.

आवाज येत होता. मी आजवर तो ऐकला नव्हता. आधी बारीक हुंदका, मग ओढत नेलेला सूर, मग श्वास घेतल्यासारखी शांतता, आणि पुन्हा. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण कळल्यावरसुद्धा आला. बाहेर येणारी माणसं एकमेकांकडे बघत नव्हती.

साळवे आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मावशींनी त्यांना गल्लीत आणलं. एका टोकापासून त्या दुसऱ्या लोखंडी दांड्याने फरशीवर ठोकत चालल्या आणि सळई साळव्यांच्या कानाशी. ठक. ठक. ठक. साळव्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ठक. ठक. आणि वैशालीच्या घरापासून सात-आठ पावलांवर, ढम्म.

तो आवाज सळईशिवायही सगळ्यांना ऐकू आला.

साळव्यांनी मान वर केली. "परत मारा."

ढम्म.

"थोडं पुढे."

ढम्म. पुढे दहा फूट तोच आवाज आणि मग पुन्हा ठक.

साळव्यांनी खिशातून खडू काढला, स्वतः गुडघ्यांवर बसून पोकळ जागेची कड आखली आणि उठून मावशींना म्हणाले, "सकाळी मी वर बोलतो. गाड्या बंद. आणि यंत्र लावणार नाही, हाताने खोदू."

परवानगी कशी मिळवली ते त्यांनाच ठाऊक, पण दुसऱ्या दिवशी अकराला ते चार माणसं, पहारी आणि दोर घेऊन हजर होते. पाणी अजून उतरलं नव्हतं. वैशाली न्हाणीघराच्या दारात उभी राहिली होती. मावशींनीच तिला तिथे उभं केलं होतं. "आवाजात काय फरक पडला तर ओरड." आम्ही सगळे गल्लीत.

वरच्या फरश्या निघाल्या. खाली मुरूम निघाला. मग हातभर खाली काळ्या पाषाणाची एक प्रचंड शिळा लागली, तासलेली, सरळ कडांची. नैसर्गिक नाही हे आंधळ्यालाही हाताने कळलं असतं. तिच्या बाजूच्या फटीत पहारी घातल्या. साळवे "एक, दोन" म्हणाले आणि शिळा बोटभर सरकली. आतून थंड हवेचा असा झोत आला की वाकलेल्या माणसाच्या डोक्यावरची टोपी उडाली.

आणि त्याच क्षणी घरातून वैशाली धावत बाहेर आली. अनवाणी, पदर सुटलेला. "थांबलं! मावशी, थांबलं! आवाज थांबला!"

कोंडलेल्या हवेला मोठं दार मिळालं होतं. तिला आता मुठीएवढ्या भोकातून रडायची गरज उरली नव्हती.

गल्लीत जो गलका उठला तो मी विसरणार नाही. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी मावशींच्या पाया पडत होतं. वैशाली त्यांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडत होती आणि मावशी तिच्या पाठीवर थोपटत म्हणत होत्या, "आता तू नको रडू गं. आत्ताच तर एक बंद केलं."

शिळा पूर्ण बाजूला झाल्यावर खाली पायऱ्या दिसल्या. रुंद, दगडी, दोन्ही भिंतींत दिवे ठेवायचे कोनाडे. सात पायऱ्या, आणि त्यापुढे हिरवंगार, स्थिर पाणी. ती बारव होती. गल्लीच्या खाली, सगळ्यांच्या पायांखाली, कुणाच्याही कागदावर नसलेली अख्खी बारव, आणि तिला गंगेशी जोडणारा बंदिस्त दगडी पाट.

पुढचे दिवस सण असल्यासारखे गेले. गंगा उतरायला लागली तसं बारवेतलं पाणी उतरायला लागलं आणि रोज एकेक पायरी वर यायला लागली. दुकान उघडायच्या आधी मी तिथे चक्कर मारायचो तर गल्लीतल्या बाया कठड्याशी जमलेल्या. "आज अकरावी दिसली." "आज कोनाड्यातला हत्ती दिसला." जाणकार लोक आले, त्यांनी मोजमापं घेतली. पायऱ्या झाकून बसलेली शिळा कायमची हलली आणि रस्त्याच्या आराखड्यात बारवेच्या भोवती वळण आलं. ते वळण साळव्यांनी स्वतः आखलं. तो नकाशा दाखवायला ते मावशींच्या घरी गेले होते. मावशींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "रात्री काढला ना?" साळवे म्हणाले, "रात्री दोनपर्यंत जागून."

वैशालीच्या शिकवणीची सतरंजी आता पुरत नाही. पालकांना पुन्हा तोंड दाखवायला सुरुवातीला अवघड गेलं असणार, पण मुलांना कसलं अवघड! ती न्हाणीघरातल्या भोकाला तोंड लावून बारवेत हाका मारतात. शनिवारी फेरी तिच्या दाराशी आली की आता वैशालीच पुढे होते आणि यशोदाबाईंचा फोटो हातात धरून त्यांची खरी गोष्ट सांगते. वणीच्या त्या म्हातारीला एकवीस नातवंडं होती, हे आता निम्म्या नाशकाला माहीत आहे.

मावशी हल्ली मुलाकडे कळवणला असतात. गुडघ्यांनी अखेर ऐकलं नाही. मी अधूनमधून जाऊन येतो. पण त्या आठवतात त्या बारव लोकांसाठी उघडली त्या संध्याकाळच्या.

मंडप होता, खुर्च्या होत्या, भाषणं करणारे पाहुणे ओळीने बसले होते. गल्लीने आग्रह धरला म्हणून फीत कापायला मावशींना बोलावलं. साळव्यांनी कात्री हातात दिली. मावशींनी फीत कापली, कात्री परत साळव्यांच्या हातात ठेवली आणि निवेदक "आता मी विनंती करतो" म्हणेपर्यंत साडी वर खोचून पायऱ्या उतरायला लागल्या. कोनाड्यांत वैशालीच्या मुलांनी पणत्या लावल्या होत्या. मी गर्दीच्या मागून टाचा उंच करून बघत होतो. आधी त्यांची पाठ दिसेनाशी झाली, मग अंबाडा, आणि मग काहीच दिसेना. व्यासपीठावर कुणीतरी माईक ठोकून बघत होतं.

तेवढ्यात खालून दगडी भिंतींवर घुमत त्यांचा आवाज आला, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल एवढा खणखणीत.

"अरे, वर काय बसलाय! या की खाली! पाणी लय गार हाय!"

आणि खुर्च्या मागे सारून माणसं उठली.